नोटीस, दोन प्रतींत

एक तारखेला सकाळी जोतिरामने घरमालक संगप्पांच्या हातात महिन्याभराची नोटीस ठेवली. तो ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसणारा. नोटिशीला जावक क्रमांक घातला, प्रती दोन काढल्या आणि एकीवर पोच म्हणून सही घेतली.

कारण स्वयंपाकघरातला नळ. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या सोलापुरात तो तीन वर्षं अखंड ठिबकत होता. तक्रार केली की संगप्पा म्हणत, "बघू की." त्यांनी कधी पाहिलं नाही. शेवटी जोतिरामच्या बायकोने, विजयमालाने, होटगी रोडला एक फ्लॅट पाहून ठेवला.

तीन तारखेला प्लंबर आला आणि नळ नवा झाला.

"नोटिशीला भ्याले बघा," विजयमाला खुशीत म्हणाली.

"तुमच्यासाठी न्हाय ओ वैनी," संगप्पा दारातून म्हणाले. "नवीन लोक बघायला येणार हायेत."

त्या घटकेपासून स्वतःच्याच घरातला नळ तिला परका झाला. ती मोरीतल्या जुन्या नळावर भांडी घासू लागली.

पुढच्या आठवड्यात खिडक्यांना डासांच्या जाळ्या लागल्या. मग रंगारी आला. विजयमालाने तीन वर्षं मागितला तो रंग पांढरा होता. लागला तो पिस्ता. नव्या भाडेकरणीने, संस्कृतीने, मोबाइलवर निवडून पाठवलेला. रविवारी ती स्वतः पडद्यांची मापं घ्यायला आली.

"पाणी पाचव्या दिवशी येतंय, तेबी पहाटे," विजयमालाने तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"अय्या, आमच्याकडं सहाव्या दिवशी," संस्कृती हरखून म्हणाली.

वरून संगप्पांच्या बायकोने, सिद्धेश्वरीने, तिला शेंगापोळी खायला हाक मारली. विजयमालाने हिशेब काढला.

"आपल्याला तीन वर्षांत किती बारी बोलावलं ओ वर?"

"दोनदा," जोतिराम म्हणाला. "त्यात एकदा तर टाकी भरली का बघायला."

"मग आपण जायाचं न्हाय. द्या की नोटीस माघारी."

जोतिराम वर गेला तसा खाली आला. संगप्पांनी त्याला त्याचीच प्रत दाखवली होती. "तुमीच म्हणलासा ना, समदं रीतसर पायजे? आता रीतसर जावा."

वीस तारखेला होटगी रोडच्या मालकाचा फोन आला. त्यांच्या जुन्या भाडेकरूंनी नोटीस मागे घेतली होती. फ्लॅट मिळणार नव्हता. महिनाअखेर दहा दिवसांवर, हे घर गेलेलं, ते आलेलं नाही. विजयमाला पाय ओढत संगप्पांच्या जिन्यापर्यंत पोचली, तर वरच्या दारात संस्कृती उभी.

"काका, रागावू नका, आम्ही काय येत नाही. येणाऱ्या बाईसाठी आमच्या मालकांनी होटगी रोडचा फ्लॅट नुसता चकाचक केलाय. नवा ओटा, नवा गिझर. दोन वर्षं मी घसा कोरडा केला तेव्हा काय नाही. कोण कुठली ती बाई, तिला कशाला सोडू मी?"

कोण कुठली ती बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. ती आवाज न करता खाली उतरली, घरात आली आणि तिने अडीच आठवड्यांत पहिल्यांदाच नव्या नळाखाली हात धुतले.

संध्याकाळी संगप्पांनी हसत दोन्ही प्रती फाडल्या. "ऱ्हावा की निवांत. घर तुमचंच हाय."

दुसऱ्या दिवशी ते बाजाराला गेलेले पाहून सिद्धेश्वरी खाली आली. तिने भिंतींवरून हात फिरवला, जाळी वाजवून पाहिली, नळ सोडला, बंद केला. थेंब पडेना. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"आमचा वरचा नळ अकरा वर्षं गळतोय, विजयमाला. रंग तर लग्नात लावलेला." मग जोतिरामकडे वळून, पदर नीट करत म्हणाली, "भावजी, ती नोटीस कशी लिहितात ओ? महिनाभर वाट बघावी लागती व्हय?"

जोतिराम कोरा कागद शोधायला उठला.

"महिना कशाला," विजयमाला म्हणाली. "तिसऱ्या दिवशी प्लंबर येतंय."