धारवाड पुन्हा पोरकं झालं

शिवपुत्र मुगद यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी लेखी कळवण्यात आलं, की ते कवी असल्याचा पुरावा अपुरा आहे.

पत्र जिल्हा काव्योत्सव समितीचं होतं आणि त्यावर जावक क्रमांक होता, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. निमंत्रित कवींसाठी समितीने यंदा अठरा रकान्यांचा अर्ज काढला होता. सातव्या रकान्यात समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या भरायची होती. किमान पाच हजार. मुगदांनी प्रामाणिकपणे दोनशे बारा लिहिले होते. अठरावा आणि शेवटचा रकाना ‘कविता (असल्यास)’ असा होता. तिथे त्यांनी आपले तिन्ही कवितासंग्रह जोडले होते. ते ‘अनावश्यक सहपत्रे’ असा शेरा घेऊन परत आले. एका मुखपृष्ठावर चहाच्या कपाची गोल खूण होती. निदान एक संग्रह कुणीतरी हाताळला, याचं मुगदांना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

मुगद कॉलेजात भूगोल शिकवत आणि तीस वर्षं कन्नडमध्ये कविता करत. या तीस वर्षांत काव्योत्सवाच्या मंचावर ते एकदाच चढले होते, तेही आभार मानायला. आणि वीज गेल्यामुळे ते आभार कुणाला ऐकू आले नव्हते. यंदा कविता वाचायचीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते तडक समितीचे सचिव उमचगी यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. उमचगी चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होते.

“मुगद सर, तुमच्या कवितेबद्दल समितीची काहीएक तक्रार नाही,” उमचगी म्हणाले. “समितीने ती वाचलेलीच नाही.”

“मग निवड कशावरून करता?”

“आकड्यावरून. कविता चांगली की वाईट, यावर भांडणं होतात हो. मागच्या वर्षी खुर्च्या फेकल्या लोकांनी. आकड्यावर कोण भांडणार? आकडा म्हणजे आकडा.”

“पण मी तीस वर्षं लिहितोय!”

“तेच म्हणतो मी. तीस वर्षं लिहून दोनशे बारा. आमच्या शेजारची पोरगी नुसती मिरची भजी खाऊन दाखवते, तिचे चाळीस हजार आहेत. दिवाळीपर्यंत मुदत वाढवून देतो तुम्हाला, खास. घ्या, गिरमिट घ्या.”

मुगदांनी रोज एक कविता टाकायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत सर्वाधिक लाइक मिळाले ते अकरा. त्यातला एक त्यांचा स्वतःचा, एक पत्नी सुमंगला यांचा आणि एक सुमंगलांच्या जुन्या मोबाइलवरच्या खात्याचा, जे मुगदच चालवत.

अशात वेंकोबराव वारले. निवृत्त पोस्टमास्तर, हौशी नट, गावाचा लाडका माणूस. एका लग्नात जेवणाच्या रांगेत काढलेला दोघांचा फोटो मुगदांकडे होता. त्यांनी तो टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या. त्या ओळी मनापासून होत्या, हे इथे नमूद केलं पाहिजे, कारण पुढे तसं नमूद करायची वेळ आली नाही. संध्याकाळपर्यंत सहाशे चाळीस लाइक आले आणि नव्वद नवे अनुयायी. मुगदांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

भूगोलाच्या माणसाला वाऱ्याची दिशा कळते. मुगदांनी पंचाहत्तरी ओलांडलेल्या नामवंतांची तालुकावार यादी केली, प्रत्येकाला भेटून त्याच्यासोबत फोटो काढला आणि मजकुराचा एक साचा तयार केला. पहिल्या परिच्छेदात दिवंगत व्यक्ती मुगदांना प्रथम कशी भेटली. दुसऱ्यात ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून ‘शिवपुत्रा, तू लिहीत राहा’ असं कशी म्हणाली. आणि शेवटी, ‘आज धारवाड पोरकं झालं.’ दसऱ्यापर्यंत धारवाड चौदा वेळा पोरकं झालं. चौदाही जण जाण्यापूर्वी मुगदांना लिहीत राहा म्हणून सांगून गेले होते. त्यात एक तबलजी होते, एक डोळ्यांचे डॉक्टर होते आणि कन्नडचं अक्षरही न येणारे एक सिंधी कापडवाले होते. मृताकडून खुलासा येत नाही, ही या साहित्यप्रकाराची मोठी सोय आहे.

“अहो, परवा त्या देसाईबाईंसोबत फोटो काढून आलात,” सुमंगला भाकरी थापता थापता म्हणाल्या. “बरं नाही का त्यांना?”

“बरं आहे,” मुगद म्हणाले. “अजून.”

सुमंगलांनी भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

गावालाही हळूहळू कळलं. सकाळी मैदानावर फिरायला येणारे म्हातारे मुगद दिसले की पांगू लागले. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर मुगदांचा हात खिशाकडे जाताच “मला साधा मधुमेहसुद्धा नाही!” असं ओरडून पळ काढला. शिवाय धंद्यात स्पर्धा उतरली होती. अशोक बेटगेरी नावाचे एक ललितलेखक साठीच्या माणसांपासूनच फोटो काढून ठेवत, आणि त्यांची श्रद्धांजली कधी कधी डॉक्टरांच्या आधी पोचे.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मुगदांचे अनुयायी चार हजार आठशे नव्वद झाले होते. एकशे दहा कमी. अर्जाची मुदत बुधवारी पाच वाजता संपत होती, आणि रविवारी उत्सव. हवा फार छान होती आणि कुणी जाण्याचं नाव घेत नव्हतं.

मंगळवारी कळलं, की नावलगी सरांना छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात ठेवलंय.

प्राध्यापक नावलगी एक्याऐंशी वर्षांचे, व्याकरणाचे जाणकार, मुगदांचे कॉलेजातले गुरू; त्यांना अजूनही ‘तम्मा’, म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारत. एकटेच राहत. रोज दहा वाजता ज्ञानवर्धिनी वाचनालयात जाऊन खिडकीजवळच्या ठरलेल्या खुर्चीत बसत. मुगदांचे तिन्ही संग्रह अख्खे वाचलेला धारवाडातला हा एकमेव माणूस. बातमी ऐकून मुगद भरल्या ताटावरून उठले. त्याच वेळी त्यांच्या बोटांनी मोबाइलमध्ये सरांसोबतचा फोटो शोधलाही होता. बोटं हल्ली त्यांना विचारत नसत.

बुधवारी सकाळी ते दवाखान्यात पोचले. तिसऱ्या मजल्यावर सरांची खाट रिकामी होती आणि चादर गुंडाळून ठेवली होती.

“नावलगी सर?” त्यांनी नर्सबाईंना विचारलं.

“गेले ना, सकाळीच,” घाईत असलेल्या नर्सबाई म्हणाल्या.

मुगदांचे डोळे भरून आले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि खालून बेटगेरी येताना दिसले, हातात मोबाइल. मुगदांनी डोळे नंतर पुसायचं ठरवलं. साचा तयारच होता; नाव भरून त्यांनी तिथेच, जिन्याच्या वळणावर, धारवाड पोरकं करून टाकलं.

जेवणाच्या वेळेपर्यंत दोन हजार तीनशे लोकांनी हात जोडले. अनुयायी पाच हजार तीनशे चाळीस. चार वाजता अर्ज गेला, पोच मिळाली. साडेचारला फोन वाजला.

“तम्मा शिवपुत्रा, नावलगी बोलतोय.”

मुगद खुर्ची न बघता बसले. सुदैवाने तिथे खुर्ची होती.

“सर, तुम्ही… कुठून?”

“घरून. वायू अडकला होता, दुसरं काही नाही. नर्सबाईंना विचारलं मी; ‘गेले’ म्हणाल्या ना तुला? घरी गेलो. पाच वर्षं व्याकरण शिकलास माझ्याकडे. क्रियापद ऐकलंस आणि कुठे गेले ते विचारलं नाहीस?”

“सर, चुकलं. आत्ता काढतो.”

“थांब, वाचतोय. बरं लिहिलंय लोकांनी. तो हिरेमठ अकरा वर्षं फिरकला नाही, त्याला अन्न गोड लागत नाही म्हणे. वाचू दे जरा.” सर हसले. “तुझ्यात मात्र एक चूक आहे. ‘लिहीत राहा’ असं मी तुला कधी म्हणालो?”

“माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी, सर…”

“तेव्हा मी ‘थोडं थांब’ म्हणालो होतो.”

फोन ठेवल्यावर मुगदांनी पोस्ट उघडली. ती काढली असती तर खुलासा करावा लागला असता, खुलाशाने माणसं चिडून अनुयायी घटले असते, आणि छाननी रविवारपर्यंत चालणार होती. त्यांनी मोबाइल उशीखाली ठेवला.

गुरुवारी सर नेहमीप्रमाणे वाचनालयात गेले. त्यांच्या खुर्चीवर त्यांचाच हार घातलेला फोटो ठेवला होता. ग्रंथपालांनी अतिशय आदराने सांगितलं, की सभासदत्व कालच रद्द झालंय, दुखवट्याचा ठराव नोंदवून झालाय, आणि मृत सभासदाला पुस्तक देण्याची तरतूद नियमात नाही.

“पण मी समोर उभा आहे ना!”

“ते दिसतंय सर. पण ठराव पोस्टवरून झालाय. ज्याने बातमी दिली त्याचंच खंडन लागेल. तुम्ही यात संबंधित पक्ष पडता, तुमचं चालणार नाही.”

सरांनी घरी येऊन स्वतःच्या खात्यावर लिहिलं, ‘मी जिवंत आहे.’ एकोणीस जणांना ते आवडलं. बाकीच्यांनी, एवढ्या थोर माणसाच्या नावाने खोटं खातं चालवताना लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. शेकडो तक्रारी गेल्या आणि शुक्रवारी खातं बंद झालं. दूधवाला यायचा थांबला होता. मैदानावरच्या दोस्तांनी दुरून नमस्कार करून रस्ता बदलला.

शनिवारी सर काठी टेकत मुगदांच्या दारात आले. सुमंगलांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने मोबाइल उलटा ठेवला.

“एक ओळ लिही, तम्मा,” सर म्हणाले. “‘सर जिवंत आहेत.’ कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. मला वाचायला पुस्तक नाही रे तीन दिवस.”

“लिहितो, सर. उद्या संध्याकाळी नक्की. कविता वाचून उतरलो की लगेच. तीस वर्षं वाट बघितली मी याची, तुम्हाला माहीतच आहे. फक्त उद्यापर्यंत… थोडं थांबा.”

सरांनी कप खाली ठेवला.

“थोडं थांब,” ते म्हणाले. “म्हणजे तेवढं लक्षात राहिलं तुझ्या.”

ते गेल्यावर सुमंगला कडाडल्या, “लाज आहे का काही? मीच लिहिते आता.”

“तुझे अनुयायी किती?”

“सहा.”

मुगदांनी मान हलवली. सुमंगलांनी तरीही लिहिलं. ते सहा जणांनी वाचलं असावं. त्यातले एक मुगद होते.

रविवारी ‘कैलासवासी प्राध्यापक नावलगी मंचा’वर मुगदांना दोन मिनिटं मिळाली. त्यांनी कविता वाचली. समोरची गर्दी माना खाली घालून आपापल्या मोबाइलमध्ये हा सोहळा जगाला कळवत होती. टाळ्या मात्र पडल्या.

“फर्स्ट क्लास!” उमचगी म्हणाले. “व्हिडिओ घेतलाय. आवाज आला नाही त्यात, पण गर्दी स्पष्ट दिसते.”

घरी येईतो अभिनंदनाच्या एकशे साठ पोस्ट आल्या होत्या. प्रत्येकाला उत्तर देणं सभ्यपणाचं होतं. ती एक ओळ त्यांनी सकाळसाठी ठेवली.

सोमवारी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. सरांना रात्री पुन्हा दवाखान्यात आणलं होतं, आणि या वेळी नर्सबाईंनी ‘गेले’ हा शब्द वापरला नाही. “वारले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पुन्हा घोटाळा कराल म्हणून नीट सांगतेय.”

मुगद लहान मुलासारखे रडले. अंत्ययात्रेला पाच माणसं होती, नर्सबाई धरून. घरी येऊन त्यांनी साचा बाजूला ठेवला, फोटो घेतला नाही, आणि लिहिलं: ‘सर आज गेले. बुधवारची बातमी खोटी होती आणि ती मी दिली होती. लिहीत राहा असं ते मला कधीच म्हणाले नाहीत. थोडं थांब म्हणाले होते. मी थांबलो नाही. त्यांना मात्र थांबवलं.’

तीस वर्षांत मुगदांनी लिहिलेलं हे पहिलं चांगलं लिखाण. ते सरांना दाखवावं असं त्यांना वाटलं, आणि मग त्यांना आणखीच रडू आलं.

त्या पोस्टला नऊ लाइक मिळाले. खाली एकच प्रतिक्रिया होती: ‘जुनी बातमी. आम्ही बुधवारीच हात जोडलेत.’

या प्रतिक्रियेला मात्र अकराशे लाइक आहेत. ते कुणी दिले त्यांची नावं तिथेच आहेत, कुणालाही उघडून बघता येतात, आणि त्यात आपल्या ओळखीची बरीच मंडळी आहेत. वाचकांनी एकदा जाऊन त्या यादीत स्वतःला शोधावं, अशी नम्र विनंती आहे. अर्थात त्यासाठी खालपर्यंत वाचावं लागेल, आणि तेवढा वेळ आपल्याला बुधवारीही नव्हता.