अमावस्येची न्याहारी

तेहतीस सालच्या चैत्रात नाशिकच्या सावळीराम तांबटानं घरात जाहीर केलं, "हवा खायला महाबळेश्वर कशाला? महिन्यातून एकदा गोदावरीकाठी न्याहारी करायची. गंगा आपल्या दोन हाकांवर!"

घरात जाहीर केलं म्हणजे आळीभर झालं. तांबटांच्यात हळू कोण बोलतो? दिवसभर हातोड्यांचा ठणठणाट. तिथं नवरा-बायकोचं गुपितसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं!

त्याची बायको मालन तेवढी डोळ्यांनी बोलायची. लग्न होऊन आल्यापासून तिनं आभाळ पाहिलं ते दोन छपरांच्या फटीतलं, चोळीच्या चिंधीएवढं. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. पण त्याची आई नवसाबाई कडाडली, "घर असताना उघड्यावर जेवायला आपण काय बैरागी आहोत?"

"एकदाच जाऊ दे, आई! काही विपरीत घडलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

"शब्द लक्षात ठेव!" म्हणाली, आणि जात्यापाशी ठाण मांडून बसली.

तांबटांची ऐरण थंड असते अमावस्येला, म्हणून बेत अमावस्येचा. उन्हात टिकावा म्हणून दहीभात. भांडी नकोत म्हणून पत्रावळी. त्यात आदल्या दिवशी भट्टीच्या ठिणगीनं सावळीरामची अर्धी मिशी खाल्ली होती. न्हाव्यानं उरलेली अर्धी उतरवली आणि उन्हाळा म्हणून डोक्याचाही गोटा करून टाकला! मंडळी, तुम्हाला जे दिसतंय ते त्या भल्या माणसाला दिसलं नाही. तो मालनचा चेहरा बघत होता.

नदीवर आल्या आल्या मालन मोगऱ्यासारखी उमलली. चार वर्षांच्या लेकीला, भागीला मांडीवर घेऊन गुणगुणायला लागली,

गंगेच्या काठाला ऊन कोवळं सांडलं,
माझ्या गं बाळीनं ओटीत वेचून मांडलं.

पलीकडे मेथीच्या जुड्या धुणारी रंगूबाई माळीण थबकली. "अगं बाई! किती गोड गळ्यानं रडते बिचारी! सावळीराम, म्हातारी कुठाय रे?"

सावळीरामच्या तोंडात भलाथोरला घास. त्यानं चढावरच्या आपल्या आळीकडे हात वर केला. रंगूबाईनं आभाळाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

एवढ्यात भागी हटून बसली. काऊ आल्याशिवाय घास घेणार नाही! मग काय, बापानं पानावर भाताचा गोळा ठेवला आणि तांबटी आवाजात सुरुवात केली, "काव! काव! ये रे बाबा!"

काठावरची माणसं धावली. कावळे समोरच्या पिंपळावर बसून मान वाकडी करत होते. एकही खाली येईना.

"म्हातारीची इच्छा राहिली असणार!"

"कबूल करा काहीतरी! येवल्याची पैठणी म्हणा!"

"सुनेला नीट वागवीन, असं म्हणा!"

"अहो, सुनेला मीच वागवतो!" सावळीराम ओरडला. "आणि आई जिवंत आहे!"

एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असतेच रे बाळा. आई कधी मरते का?"

तोवर बातमी आळीत पोचली होती. गर्दी फाटली आणि नवसाबाई उभी! हातात जात्याचा खुंटा! बघ्यांपैकी निम्मे गुडघाभर पाण्यात गेले, उरलेले रामरक्षा म्हणू लागले.

"माझा दहावा? आणि मलाच ठाऊक नाही?"

मालननं पत्रावळी गोळा करायला घेतल्या. विपरीत घडलं होतं, शब्द संपला होता. आभाळ पुन्हा चिंधीएवढं होणार होतं.

"ठेव त्या खाली!" नवसाबाईनं फतकल मारली. "पैठणी कबूल करणारा कोण तो? पुढं ये! अरे, जिवंतपणी कुणी विचारलं का, म्हातारे, तुला काय हवं? मेल्यावर मात्र रांग!" तिनं एक घास घेतला. वाऱ्यानं तिच्या कपाळावरची पांढरी बट उडवली. दुसरा घास घेतला. "मीठ कमी आहे. पण इथं गोड लागतंय."

बातमीला मात्र पाय फुटले होते. संध्याकाळच्या मोटारीनं ती सिन्नरला पोचली. दुसऱ्या दिवशी नवसाबाईचा भाऊ बहिरू गाडीभर गोतावळा घेऊन रडत दारात! समोर बहीण कंबरेवर हात ठेवून.

"रडून भूक लागली असेल. चला सगळे गंगेवर! सूनबाई, मोठं पातेलं काढ. आणि तू पुढं हो, वाट तुला माहीत आहे."

मालन अशी निघाली की पातेलं उचललेला सावळीराम मागं धापा टाकत राहिला. काठावर पंगत बसली. नवसाबाईनं मधोमध बैठक जमवली आणि फर्मावलं, "बहिऱ्या, गाडीत रडताना माझ्याबद्दल जे जे चांगलं बोललास ते इथं बोल. सगळ्यांदेखत!"

बहिरू आठवून आठवून बोलला. नवसाबाईनं डोळे मिटून ऐकलं.

"छान. आता मोठ्यानं. पहिल्यापासून!"