वणवाजींची चाळीस कडवी

राळेगावात कोणी मेलं की डॉक्टरच्या आधी ते वणवाजींना कळायचं. यात जादू काही नव्हती. ते लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीवर, मुनीम होते, आणि माणूस गेला की घरातलं कोणीतरी पहिल्यांदा टालावरच येतं. आलेला माणूस डोळे पुसत उभा राहायचा. वणवाजी गड्याला लाकूड काढायला सांगायचे आणि त्या माणसाला एकच प्रश्न विचारायचे, "किती वाजता नेता?" कोण गेलं, कशानं गेलं, मागे लेकरं किती, यातलं काही नाही. वेळ कळली की ते घरी जाऊन अंघोळ करायचे, डोक्याला तेल थापून भांग पाडायचे, पांढरा कोट चढवायचे आणि लाल कापडात बांधलेली वही काखेत मारून मयताच्या आधी मसणवट्यात हजर व्हायचे.

कारण वणवाजी कवी होते. त्यांचं घरचं नाव दामोदर, पण त्या नावानं हाक मारली तर ते मागे वळून बघत नसत. 'वणवा' हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. अंगानं इतके वाळलेले की कोटाच्या आत माणूस आहे की खुंटी, असा प्रश्न पडावा. स्वतःबद्दलही ते त्याच नावानं बोलायचे. "वणव्याले चहा चालते." "वणव्याची आज तब्येत नरम हाये." एकदा मी तापानं आठ दिवस पडून होतो. ते भेटायला आले, खाटेजवळ बसले आणि त्यांना स्वतःला तेरा वर्षांपूर्वी आलेल्या तापाचं वर्णन करून गेले. माझा ताप त्यापुढे फारच मामुली निघाला.

कविता म्हणायला मसणवटाच कशाला, असं कोणी विचारेल. त्यांनी बाकीच्या जागा करून पाहिल्या होत्या. गणपतीच्या मांडवात लोक उठून जायचे. लग्नात पंगत बसायची आणि कविता राहून जायची. मसणवट्याचं तसं नाही. चिता पेटली की कवटी फुटेपर्यंत कोणी उठायचं नाही, ही रीत. दीड-दोन तास पन्नास माणसं जमिनीवर बसलेली, हाताला काम नाही आणि मोठ्यानं बोलायची चोरी. कवीला याहून काय पाहिजे?

ज्या वर्षी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी माझी बदली इथल्या शाळेत झाली. आल्या आल्या आमच्या हेडमास्तरांचे काका वारले. मी नवा माणूस, मागे उभा होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा सदरा ओढला आणि म्हणाला, "मास्तर, बूड टेकवा. हे लंबं चालते." वणवाजी चितेच्या उजव्या अंगाला उभे राहिले, घसा साफ केला आणि सुरू झाले:

"गेला गेला गणपत गेला, सुटला तो संसारातून,
वणवा मात्र जळतो अजुनी, कोण विझविल त्या आतून?"

गणपतकाका एवढ्यावर आणि पुढे कुठेतरी आलेल्या स्वर्गाच्या एका ओळीवर आटोपले. पुढची एकोणचाळीस कडवी वणवाजींवर होती. त्यांचं नशीब, जगाची बेपर्वाई, नागपूरच्या कुठल्याशा मासिकाचा आंधळा संपादक, सगळं त्यात आलं. त्या संपादकानं कविता परत पाठवली, याचा त्यांना राग नव्हता. "त्याच्या घरचं कोणी मेलं नसंन अजून," असं ते समजूतदारपणे म्हणत.

कविता एकच होती. मयत बदललं की पहिल्या ओळीतलं नाव तेवढं बदलायचं. गावात जातवार मसणवटे तीन, आणि वणवाजींना तिन्ही सारखे. नुकताच धम्म घेतलेल्या मोहल्ल्यातल्या लोकांनी त्यांना बजावलं की आता आमच्यात स्वर्ग नाही, कवितेतून तेवढा काढा. त्यांनी अजिबात हरकत घेतली नाही. मयताचा स्वर्ग काढला आणि त्या जागी स्वतःचं आणखी एक कडवं घातलं.

लोक कंटाळत, शिव्या घालत, पण बसत. मयताच्या नावानं कोणी म्हणत असताना मधूनच उठलं तर मयताचा अपमान, ही पंचाईत. मग गावात एक कुजबूज सुरू झाली की वणवाजी मुद्दाम ओलं लाकूड देतात. चिता रेंगाळली की कवितेला वेळ मिळतो. एकानं तर शपथेवर सांगितलं की त्यानं त्यांना लोटा घेऊन ढिगावर पाणी शिंपताना पाहिलंय. मी शिकलेला माणूस, पण मलाही ते खरं वाटलं. चाळीस कडवी दहा-बारा वेळा ऐकल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

गाडी अडली ती कापसाच्या जिनवाल्या शेठजींपाशी. ते श्रावणात गेले. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. शेठजींचं नाव लक्ष्मीनारायण. एवढं लांब नाव वणवाजींच्या ओळीत मावेना. त्यांनी वाटभर विचार केला असणार, आणि भर मसणवट्यात, शेठजींच्या तिन्ही मुलांसमोर, सुरुवात केली, "गेला गेला लखू गेला." ज्या माणसाला कलेक्टरसाहेब शेठजी म्हणत, त्याचा मेल्यावर दिवसाच्या आत लखू झाला. त्यात चिता धुमसत होती, पेट घेत नव्हती. कडवी संपली तरी कवटीचा पत्ता नाही. वणवाजींनी वही उलटून पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि लखू दुसऱ्यांदा गेला.

दुसऱ्या दिवशी जिनच्या ओट्यावर चार प्रतिष्ठित मंडळी बसली आणि ठराव झाला. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायला मला बोलावलं होतं. 'यापुढे कोणीही मसणवट्यात काव्यवाचन करू नये.' त्यातला 'कोणीही' हा शब्द माझा. तो शब्द सुचल्याबद्दल मंडळींनी माझं कौतुक केलं आणि मी खूशही झालो. कागद नेऊन द्यायचं कामही माझ्याकडेच आलं.

वणवाजी टालावर काट्यापाशी बसले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं होतं, आता भडकतील, साहित्यावर भाषण देतील. त्यांनी कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि मला चहा पाजला. निघताना एवढंच म्हणाले, "मास्तर, आता लोक लवकर उठतीन."

आणि खरंच, कवटीपर्यंत बसायची रीत नावाला उरली आणि लोक लवकर उठू लागले. चिता पेटली की पाव तासात कोणाला वावरात जायचं असे, कोणाला एसटी गाठायची असे. कवितेच्या धाकानं जे बसत, ते आता मोकळे झाले होते. वणवाजी येत, कोट घालून, वही काखेत घेऊन, आणि तोंड मिटून बसून राहत. गावाला मोठी सुटका झाल्यासारखं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पौषात माझी आई गेली. अमरावतीकडची माणसं यायला दुसरा दिवस उजाडला असता, आणि मी तिचा एकुलता एक. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. जिनसमोर गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत गेली होती. तरी लोक आले, खांदा दिला, आणि चिता पेटल्याबरोबर एकेक जण माझ्या पाठीवर हात ठेवून निघाला. गाडीचा नंबर लागला होता, बैल उभे होते. मी कोणाला दोष देत नाही. अर्ध्या तासात माझ्या आईच्या चितेपाशी मी आणि वणवाजी, एवढे दोघेच उरलो.

लाकूड वाळलेल्या धावड्याचं होतं. ते त्यांनी सकाळी गड्याला बाजूला सारून स्वतःच्या हातानं एकेक निवडलं होतं, हे मी पाहिलं होतं. लाकडानं लगेच पेट घेतला. मला फार एकटं वाटत होतं. इतकं, की मी म्हणालो, "वणवाजी, कविता म्हणा."

"ठराव हाये," ते म्हणाले. "तुमच्याच हातचा हाये." त्यात टोमणा नव्हता. मग वही खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मास्तर, माय कशाची भाजी चांगली करे?"

मी सांगू लागलो. अंबाडीच्या भाजीवरून सुरू झालो आणि थांबलोच नाही. आई मला शाळेत सोडायला आली की दुपारपर्यंत बाहेर झाडाखाली कशी बसायची, वडील गेल्यावर तिनं लोकांची शिवणं कशी केली, इथल्या विहिरीचं पाणी तिला कधीच का आवडलं नाही, सगळं. ते मान हलवत ऐकत होते. ज्या माणसानं माझा ताप आपल्या तापाखाली पुरला होता, तो दोन तास मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होता.

कवटी फुटल्यावर आम्ही नदीवर गेलो. हातपाय धुताना मी त्यांना म्हणालो की आज तुमची कविता असती, तर लोक बसले असते.

"पटकीच्या साली माही बायको गेली," ते म्हणाले. गावात कोणाला त्यांची बायको माहीत नव्हती, मलाही नव्हती. "चार जणांनी नेली, पेटवली, अन् भेवानं पयाले. त्याईचं बी बरोबर होतं. म्या एकटाच बसलो होतो. तिच्यासाठी कोणी दोन घंटे बसलं नाई, मास्तर." मग म्हणाले, "कविता बेकार हाये, वणव्याले बी समजते. पण शिव्या द्याले का होईना, लोक बसते तं."

त्या दिवशी मला माझ्या चांगल्या अक्षराची लाज वाटली.

पुढच्या महिन्यात भिवा टांगेवाला गेला. हंगाम अजून संपला नव्हता. चिता पेटली, आणि लोक टोप्या झटकायच्या बेतात असताना मी उभा राहिलो आणि म्हणालो, "वणवाजी, होऊ द्या." जिनच्या ओट्यावरच्या मंडळींपैकी एकानं ठरावाची आठवण करून दिली. मी म्हणालो, "ठराव मी लिहिला होता, मीच फाडला." असं करता येतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. पण मसणवट्यात वाद कोण घालणार?

वणवाजींना वहीची गाठ सुटेना, ती मी सोडली. कविता जराही सुधारली नव्हती. उलट मधल्या काळात दोन कडवी वाढली होती आणि दोन्ही स्वतःवरच होती. भिवाला एक ओळ मिळाली, बाकी सगळा वणवा. माझ्या मागे लोक मला शिव्या घालत होते; मी त्या ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं, कारण शिव्या घालणारे बसलेले होते.

शेवटचं कडवं संपलं. चिता अजून भडकलेली होती, कवटी फुटली नव्हती. लोक गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. भिवाची म्हातारी बायको सावली धरून लांब बसली होती, ती एकेकाकडे बघत होती.

मी म्हणालो, "वन्स मोअर."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. वणवाजींनीही पाहिलं. मग त्यांनी वही पहिल्या पानाशी उलटली, घसा साफ केला, आणि लोक पुन्हा खाली बसले.