सोळा निळे कॅन

पुतणीच्या लग्नात पाण्याची काळजी कोणी करायची नाही, असं पितांबरभाऊंनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. केळीच्या बागेत पडलेले फवारणीच्या औषधाचे सोळा रिकामे निळे कॅन त्यांनी राखेनं घासले, विहिरीच्या पाण्यानं भरले आणि फैजपूरच्या मांडवात ओळीनं मांडले. सत्त्याण्णव सालचा वैशाख होता. बोदवडच्या वऱ्हाडानं उतरल्या उतरल्या अर्धे कॅन रिकामे केले. नवरदेव एकटा चार पेले प्याला.

जळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या लताबाईंनी मात्र कॅनवरची कवटीची खूण पाहिली आणि पेला तसाच खाली ठेवला. भाऊंना बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की कितीही घासलं तरी औषधाचा अंश राहतो. यातली काही औषधं रोज थोडी थोडी पोटात गेली, तर शरीरातल्या ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करतात. पुढे मूल होण्यातही अडचण येऊ शकते.

वाढप्याच्या कानावर एवढं शेवटचंच पडलं. तिथून आचारी, आचाऱ्याकडून बँडवाले, असं करत वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशाला पोचेपर्यंत त्याचं 'मुलीकडच्यांनी नवरदेवाला मूल न होण्याचं औषध पाजलं' असं झालं. बँड थांबला. नवरदेवाचे वडील झुलालआबा बाशिंग हातात घेऊनच मांडवात आले. मागोमाग नवरदेव, घशात बोटं घालत.

लताबाईंनी शांतपणे समजावलं. एका दिवसाच्या पाण्यानं मूल व्हायचं थांबत नाही. कोणाला मळमळलं, चक्कर आली तर डॉक्टरकडे न्या. पण यापुढे यातला एक थेंब नको. आबांना पटेना, आणि बाईमाणसाला पुढचं नेमकं कसं विचारावं तेही सुचेना.

तेव्हा भाऊ छाती काढून पुढे झाले. "आबा, सात वर्षं झाले, मी शेतात ह्याच क्यानमधलं पानी पितो. पाच पोरं हायेत मले. धाकटी अजून पाळन्यात हाये."

"हा काही पुरावा नाही," लताबाई म्हणाल्या. आबांना मात्र तेवढा पुरला. हंडे-कळशांनी नवं पाणी आलं आणि तासाभराच्या उशिरानं अक्षता पडल्या.

संध्याकाळी परसात भाऊ पहारीनं एकेका कॅनला भोकं पाडत होते. त्यांची बायको कमलबाई धाकटीला कडेवर घेऊन जवळ येऊन उभी राहिली.

"तुमी क्यानमधलं पानी कधी पेले वो?" तिनं विचारलं. "वास येतो म्हनून रोज मडकं भरून मीच तर देते."

भाऊंनी मांडवाकडे पाहिलं. तिथं आबा आपल्या वऱ्हाडाला भाऊंच्या पाच पोरांचा दाखला देत बसले होते.

"हळू बोल," भाऊ म्हणाले, "आधी वरात निघू दे."