कावेरीची पुढची नोंद

तिसरीतली कावेरी मोहिते सलग आठ दिवस वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघत होती, कारण तिच्या निरीक्षण वहीत 'खिडकीतून बाहेर बघते' यापलीकडे दुसरं काही लिहिलं गेलं नाही.

आमच्या खडकसांगवीच्या शाळेत मूल वहीत लिहिल्याप्रमाणे वागतं आणि पुढची नोंद होईपर्यंत तसंच वागत राहतं. दुसरीकडे काय पद्धत आहे मला माहीत नाही. इथे मी चोवीस वर्षं आहे, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून, आणि या बाबतीत माझ्याकडे एकही तक्रार आलेली नव्हती. त्याचं कारण सांगायला मला लाज वाटत नाही. बाजारात वर्णनात्मक नोंदींचं तयार पुस्तक मिळतं. ते टेबलावर उघडं ठेवायचं आणि उतरवून काढायचं. 'मित्रांशी मिळून मिसळून वागते.' 'परिसर स्वच्छ ठेवतो.' 'प्रश्नांची उत्तरे उत्साहाने देते.' शनिवारी अर्ध्या तासात एक वर्ग उरकतो. रोज साडेचारला सगळ्या नावांपुढे एक लांब कंस काढून 'घरी जातात' असं लिहिलं की पोरं घरी. वहीचं काम घराच्या उंबऱ्यापर्यंत, पुढचं घरचे बघतात.

माझ्या हातून चूक एकदाच झाली. पुस्तकाची दोन पानं चिकटली होती, त्यामुळे चौथीचा अख्खा वर्ग आठवडाभर पाहुण्यांचं स्वागत करत होता. पाण्याच्या टँकरवाल्याने तिसऱ्या दिवशी फूल घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण त्यात कोणाचं काही बिघडलं नाही.

मग वाघचौरे मॅडम आल्या. नवीन नेमणूक, हुशार बाई, अक्षर मोत्यासारखं. त्या दहा दिवसांचं प्रशिक्षण करून आल्या होत्या, विषय 'वर्गातील बालवर्तनाच्या निरीक्षणाच्या पद्धती'. पहिल्याच दिवशी मी माझं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते दोन बोटांनी परत सरकवलं.

"सर, जे डोळ्यांनी दिसतं तेवढंच लिहायचं असतं," त्या म्हणाल्या. "आपलं मत नाही, अंदाज नाही, विशेषण नाही. कोपऱ्यात बसायचं, मुलाशी बोलायचं नाही, दर पाच मिनिटांनी नोंद करायची."

"करा बापडे," मी म्हटलं. माझ्या डोक्यात त्या वेळी पोषण आहाराचे तांदूळ होते.

पहिलं मूल म्हणून त्यांनी कावेरीला निवडलं आणि तिची वही वेगळी करून रीतसर स्वतःच्या ताब्यात घेतली. मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी लिहिलं, 'कावेरी खिडकीतून बाहेर बघते.' सव्वाअकराला त्यांनी मान वर केली. कावेरी खिडकीतून बाहेर बघत होती. त्यांनी तसं लिहिलं. अकरा वीसलाही तसंच.

साडेचारला तिसरीची बाकीची पोरं माझ्या कंसात घरी गेली. कावेरी राहिली. मी तिच्या वहीत स्वतः 'घरी जाते' असं लिहून पाहिलं, पण वही ज्याच्या ताब्यात त्याचंच अक्षर मुलाला लागतं. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

पाच वाजता तिची आई आली. उज्ज्वला मोहिते यांची बसथांब्यामागे पिठाची गिरणी आहे. भुवयांवर पीठ तसंच होतं.

"गुरुजी, पोरगी का आली नाही घरी?"

मी वाघचौरे मॅडमकडे बोट दाखवलं. मॅडम अदबीने उठून उभ्या राहिल्या.

"ती निघाली की मी लगेच लिहीन, ताई."

"अहो, पण तुम्ही लिहिल्याशिवाय ती निघायची नाही."

"आणि मी पाहिल्याशिवाय लिहायचं कसं?"

उज्ज्वलाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. खरं सांगतो, दोघींचंही बरोबर होतं, आणि दोन बरोबर माणसांच्या मध्ये बसण्यासारखा डोक्याला ताप नाही.

"निदान विचारा तरी तिला, काय बघतीय एवढं!"

"विचारलं तर तिच्या वागण्यात बदल होईल. निरीक्षकाने बदल घडवायचा नसतो."

"मग होऊ दे की बदल! तोच तर पाहिजे मला!"

त्या दिवसापासून उज्ज्वलाताई डबा घेऊन येऊ लागल्या. भाकरीचे घास करून कावेरीच्या तोंडात घालायच्या. कावेरी चावायची, गिळायची, मान वळवायची नाही. संध्याकाळी सतरंजी आणून तिथेच बाकाला टेकून पडायच्या. गिरणीवर दळणाचे डबे साचले आणि गाव कुरकुर करू लागलं. मी खिडकीबाहेर स्वतः जाऊन पाहून आलो. एक हापसा, एक भिंत आणि भिंतीवर वाळत घातलेली गोधडी. दुसऱ्या दिवशी गोधडीसुद्धा नव्हती.

मी वर कळवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं की सदर विद्यार्थिनीच्या वर्तनात बदल झाल्यास तात्काळ अहवाल सादर करावा. पाठोपाठ विस्तार अधिकारी आले, सोनवलकर साहेब. त्यांनी कावेरीची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. त्याला बराच वेळ लागला, कारण नोंदी चारशेच्या वर झाल्या होत्या.

"वा!" ते म्हणाले. "एकही विसंगती नाही. तालुक्यात इतकी सलग वही मी पाहिली नाही. नमुना म्हणून पाठवा."

"साहेब, माझी लेक," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"हो हो, अभिनंदन," साहेब म्हणाले आणि चहा न घेता गेले.

त्या दिवशी उज्ज्वलाताई रडल्या. पदर तोंडात घालून, आवाज न करता. मॅडमनी ते पाहिलं आणि त्यांची पेन्सिल थांबली. त्यांचेही डोळे भरले होते. पण पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी लिहिलं, 'कावेरी खिडकीतून बाहेर बघते.' मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. खोटं लिहिणं चोवीस वर्षांत मला कधी जड गेलं नव्हतं, त्यांना एक ओळही लिहवेना.

आठव्या दिवशी चार वाजता मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "मॅडम, बस झालं. या वहीचा चार्ज माझ्याकडे द्या. मी पुस्तकातून एक ओळ उतरवतो, पोरगी घरी जाईल."

त्यांनी चार्जचा कागद काढला, दोघांची नावं लिहिली आणि सही करता करता थांबल्या.

"सर, एकच विचारते. कावेरी कोणत्या हाताने लिहिते?"

"उजव्या."

"डावखुरी आहे ती."

तीन वर्षं ती माझ्या शाळेत होती. तिच्या नावापुढे मी निदान सव्वाशे नोंदी केल्या असतील. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती इथे नोंदवून ठेवतो.

"ज्याने पाहिलं नाही, त्याच्याकडे मी हे मूल सोपवू शकत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग माझ्याकडे द्या," बाकावरून उज्ज्वलाताई म्हणाल्या. "मी पाहिलंय."

आम्ही दोघांनी नियम आठवून पाहिले. चार्ज घेणारी व्यक्ती शाळेची नोकर असावी असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तिला लिहिता यावं आणि तिने सही करावी, एवढंच. मी नवा कागद केला. निरीक्षण वही नग एक, पेन्सिल नग एक, विद्यार्थिनी एक. मॅडमनी 'दिला' खाली सही केली, उज्ज्वलाताईंनी हात पदराला पुसून 'घेतला' खाली केली. मी शिक्का मारला.

उज्ज्वलाताईंनी वही मांडीवर घेतली. पेन्सिल ओठांना लावून बराच वेळ बसल्या. मला वाटलं, त्या 'घरी जाते' लिहितील. मॅडमनाही तसंच वाटलं असणार. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं, 'कावेरी तिच्या मनाला येईल ते करते.'

मॅडम खाली वाकून वाचत होत्या. "ताई, मन हे डोळ्यांना दिसत नाही. हा अंदाज झाला. हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय का?"

"आठ वर्षं दुसरं पाहतीय काय मी, बाई?"

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग ठीक आहे."

आम्ही तिघांनी कावेरीकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

पाच मिनिटं गेली. मॅडमनी सवयीने मनगटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. उज्ज्वलाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी वही उघडून आपली ओळ पुन्हा वाचली, एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. त्या उठल्या, कावेरीचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"कावे, चल गं."

"आई, थांब ना जरा," कावेरी म्हणाली. मान वळवली नाही.

उज्ज्वलाताईंनी एकदम तोंडावर हात धरला. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हसतायत. "थांबते," त्या म्हणाल्या, "थांबते गं माझे आई, तुला पाहिजे तेवढं बघ." आणि दप्तर तसंच खांद्यावर ठेवून उभ्या राहिल्या. मी वर्गाचं कुलूप हातात घेऊन दारात थांबलो. मॅडम कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीवर बसल्या, पण हात रिकामे होते, तेव्हा त्या नुसत्याच बघत राहिल्या.

पावणेसहाला कावेरी उठली, फ्रॉक झटकला आणि आईचा हात धरून चालू लागली. ते कोणीही लिहून घेतलं नाही.