आमच्याकडे कोणालाच खाजत नाही

माणसाला होणारे रोग दोन प्रकारचे असतात: चारचौघांत सांगण्यासारखे आणि दुसऱ्यांना झालेले. पहिल्या प्रकारात रक्तदाबाचा मान पहिला. रक्तदाब आहे म्हटलं की माणूस मोठ्या जबाबदारीच्या जागेवर असावा, असं ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं. त्याखालोखाल मूतखडा (सोसण्याची ताकद सिद्ध होते), मग पाठदुखी (कष्टाळूपणा) आणि सर्वांत शेवटी पित्त, ज्याला काहीच कर्तृत्व लागत नाही. खाज या यादीत नाही. खाजेला समाजात स्थान नाही, म्हणून ती सभ्य घरांत होत नाही. आजवर जेवढ्या सभ्य घरांना याबद्दल विचारण्यात आलं, त्या सर्वांनी हेच उत्तर दिलेलं आहे. इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही शास्त्रीय प्रश्नावर सापडायचं नाही.

एवढं निरूपण पुरे. आता आख्यानाला येतो.

आमचं घर सभ्य आहे. दादा विमा कंपनीत अधिकारी. वहिनी शाळेत भूगोल शिकवते. आई दोन्ही वेळा देवाचं नाव घेते आणि मधल्या वेळात आमची. मी दादाचा धाकटा भाऊ, अविवाहित, व्याख्यानं देतो. आणि दादा-वहिनीची मुलगी भिंगरी, जिचं खरं नाव तिच्या शाळेलाही आठवून सांगावं लागतं, कारण ती एका जागी थांबतच नाही. मी परगावच्या एका विचारवंतांच्या संमेलनाहून परतलो (व्यवस्था उत्तम होती, गाद्या फक्त जरा अनुभवी होत्या), त्यानंतर काही आठवड्यांनी भिंगरीच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि पोटावर बारीक पुरळ आलं. ती खाजवू लागली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. कालक्रम चुकू नये म्हणून सांगितलं.

भिंगरीचा दोष एवढाच की ती उघड खाजवायची. जेवताना, खेळताना, पाहुण्यांसमोर, मन लावून. झोपेतही तिचे हात चालू असायचे. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसत.

अशा प्रसंगी प्रथम घरगुती समिती बसते, तशी आमचीही बसली. सर्वानुमते साबण दोषी ठरला. साबण बदलला. मग कपड्यांची पावडर, शेंगदाणे, अंडी, टोमॅटो, प्लॅस्टिकची बाहुली आणि शेजारचं मांजर यांच्यावर क्रमाने बंदी आली. (मांजर चौकशीत निर्दोष सुटलं, पण बंदी उठली नाही.) भिंगरीला आवडणारी एकेक गोष्ट बंद होत गेली आणि पुरळ तेवढं चालू राहिलं. ते काही कोणाला आवडत नव्हतं.

शाळेनेही आपलं कर्तव्य केलं. तिच्या वर्गात एक गाणं आहे, हातात हात धरून गोल फिरत म्हणायचं. भिंगरी त्यात पुढे असायची. बाईंनी तिला "विशेष लक्ष देता यावं म्हणून" दाराजवळच्या वेगळ्या खुर्चीवर बसवलं. गाणं तिने तिथून म्हणायचं, फिरायचं मात्र नाही. ती घरी येऊन म्हणाली, "आई, खुर्चीवरून फिरता येत नाही गं."

"बरी झालीस की फिरशील," वहिनी म्हणाली.

"कधी बरी होऊ?"

हा प्रश्न वैद्यकीय असल्यामुळे आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आमचे घरचेच. त्यांनी टेबलापलीकडूनच पेनाच्या टोकाने भिंगरीचं मनगट तपासलं आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला खाजतं का?"

"छे," दादा म्हणाला.

"अजिबात नाही," वहिनी म्हणाली.

"आमच्याकडे?" आईने विचारलं. त्यातच उत्तर आलं.

मी प्रश्नाची दखलच घेतली नाही.

डॉक्टरांना हायसं वाटलं. "मग अ‍ॅलर्जी," ते म्हणाले.

अ‍ॅलर्जी हा फार दयाळू शब्द आहे. त्याचा अर्थ असा की घर निर्मळ आहे, मूल गुणी आहे, दोष काय तो उरलेल्या जगाचा. आम्ही तो शब्द प्रसादासारखा घरी आणला आणि इमारतीत वाटला. सगळ्यांनी आदराने घेतला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश तर जिन्याच्या कठड्याला पाठ घासत म्हणाले, "हल्ली हवाच तशी झालीये." (न्यायाधीशांना उभ्या उभ्या डोलायची सवय आहे. निवृत्तीनंतर ती वाढली.)

डॉक्टरांच्या गोळ्यांनी भिंगरीला झोप आली, खाजेला आली नाही. तेव्हा आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांच्या प्रतीक्षालयात कारंजं होतं. त्यांनी भिंगरीच्या हातावर सुया टोचून परीक्षा घेतली आणि तिला धूळ सोसत नाही असं जाहीर केलं. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला?"

"नाही," आम्ही एका सुरात म्हणालो. आईचे दोन्ही हात शालीखाली होते आणि शाल आपोआप हलत होती, पण तज्ज्ञांचं लक्ष नव्हतं. ते स्वतः कोपर टेबलाच्या कडेवर संथपणे मागेपुढे करत होते. थोर माणसांच्या लकबी न्याहाळणंही भाग्याचं असतं. त्यांनी दिलेल्या मलमाने पुरळ फिकं झालं, जरा विसावलं आणि नव्या उमेदीने परतलं.

त्यानंतर एका समुपदेशकांनी निदान केलं की मुलीला सगळ्यांचं लक्ष हवं आहे; उपाय: दुर्लक्ष. तेही आम्ही वेळात वेळ काढून केलं. शिवाय तिच्या हातांवर झोपताना मोजे चढवले. मोजे चावून काढता येतात हे तिने स्वतःच शोधून काढलं. हुशारी आमच्या घराण्यात आहेच.

आता घरातल्या इतरांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर गैरसमज व्हायचे.

आमच्याकडे कोणीही खाजवत नाही. दादा ऑफिसातून आला की गाडी बंद करून बराच वेळ आतच बसतो. तो दिवसाचा ताळेबंद मांडत असतो, आणि विचार खोल गेला की गाडी किंचित हलते. वहिनी नकाशे आखायची लांब पट्टी घेऊन न्हाणीघरात जाते आणि नळ पूर्ण सोडते. भूगोल हा सखोल विषय आहे. आई विणकामाची सुई घेऊन कपाटामागे जाते. तिथे उजेड नाही, लोकर नाही, पण ती प्रसन्न चेहऱ्याने बाहेर येते. मी तर खाजवतच नाही. मी फक्त चिंतनाच्या वेळी बोटांच्या बेचक्या एकमेकींवर घासतो. ही माझी जुनी सवय आहे. (भिंगरीच्या पुरळापेक्षा थोडीशी जुनी.)

मुलं सांगून शिकत नाहीत, बघून शिकतात, असं मी व्याख्यानांत नेहमी सांगतो. त्याचा प्रत्यय आला. एके दिवशी भिंगरीचं खाजवणं एकदम थांबलं. जेवताना हात ताटापाशी, पाहुण्यांसमोर मांडीवर, शाळेत घडी घालून. आम्हाला भरून आलं. आईने देवापुढे दिवा लावला. दादाने मांजरावरची बंदी फेरविचारासाठी घेतली. त्याच दिवशी दुपारी आई सुई घेऊन कपाटामागे गेली, तर जागा भरलेली होती.

भिंगरी भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून, वहिनीच्या कंगव्याने पोट खरवडत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भिंगरी जरा सरकली. आईला जागा झाली. थोड्या वेळाने दोघी एकामागून एक प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आल्या. मी हे सगळं पडद्याआडून पाहिलं (तिथे मी चिंतन करत होतो) आणि दोन पिढ्यांतला हा समंजसपणा पाहून माझे डोळे पाणावले. पोर आता आपल्यातली झाली होती.

पण समंजसपणालाही शरीर फार काळ दाद देत नाही. पोटावरच्या ओरखड्यांत पू झाला, ताप चढला. तज्ज्ञ परदेशी परिषदेला गेलेले. म्हणून आम्ही सगळे सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे कारंजं नव्हतं. बाक होते, आणि बाकांवरची माणसं सगळ्यांदेखत खाजवत होती. वहिनी उभीच राहिली.

आत डॉक्टरबाई होत्या. बाह्या वर सारलेल्या, चहा निवलेला. त्यांनी सरळ भिंगरीचा हात आपल्या हातात घेतला. बऱ्याच दिवसांत तसा कोणी घेतला नव्हता; भिंगरी आधी हाताकडे आणि मग बाईंकडे बघत राहिली. त्यांनी भिंगाने बेचक्या पाहिल्या, पोट पाहिलं.

"खाजतं का गं खूप?"

भिंगरी ताठ बसली. "छे," ती म्हणाली. "अजिबात नाही."

डॉक्टरबाईंनी भिंग खाली ठेवलं. "मग हे ओरखडे कोणाचे?"

"माझेच. पण मी लोकांसमोर नाही खाजवत."

"कोणी शिकवलं असं?"

"कोणी नाही. सगळे तसंच करतात ना," भिंगरी पाढा म्हणावा तशी सांगू लागली. "लोकांसमोर नाही म्हणायचं. मग आत जाऊन करायचं. आजी कपाटामागे जाते. बाबा गाडीत बसतात. आई नळ सोडते. आणि काका..."

तेवढ्यात मला जोराचा खोकला आला.

"घ्या, पाणी घ्या," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. मग सगळ्यांकडे एक नजर फिरवली. शाल जागच्या जागी थांबली. "खरूज आहे," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकांवरची नखं आत स्पष्ट ऐकू आली.

"आमच्याकडे सगळे रोज आंघोळ करतात," वहिनी म्हणाली.

"करत असतील. तो किडा आंघोळीचं विचारत नाही. अंगाला अंग लागलं की पुरतं त्याला."

"याला दुसरं काही नाव नाही का, मॅडम?" दादाने हळूच विचारलं. "म्हणजे, जरा बरंसं?"

"नाव बदलून द्यायला मी पालिकेत नाही. हे मलम गळ्यापासून पायाच्या नखापर्यंत लावायचं, घरातल्या सगळ्यांनी, एकाच दिवशी. आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यातून काढायच्या. एक जण जरी राहिला, तरी पोरीला परत होणार."

"पण आम्हाला काही नाही," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी निवलेल्या चहाचा घोट घेतला. बाहेर रांग मोठी होती. "बरोबर आहे, आजी. तुम्हाला काहीच नाही. तुम्ही नातीसाठी लावा. बिचारीला एकटं वाटायला नको."

हे मात्र सगळ्यांना पटलं. चिठ्ठीसाठी एकदम तीन हात पुढे झाले.

त्या दिवशी आमच्या घरात जी माया दिसली ती मी जन्मात पाहिली नव्हती. दादाने भिंगरीसाठी अंगभर मलम लावलं. वहिनीने भिंगरीसाठी लावलं. आईने तर भिंगरीसाठी इतकं लावलं की ती शालीतून निसटू लागली. भिंगरीच्या उपचाराने सगळ्यांना गाढ झोप लागू लागली.

करुणा लपून राहत नाही. प्रथम शाळेच्या बाई येऊन म्हणाल्या, "आम्हालाही तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. नाव काय म्हणालात मलमाचं?" न्यायाधीशांनी नोकराला पाठवलं, पोरीला पाठिंबा म्हणून. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी स्वतःसाठी नको, पण सदिच्छा म्हणून दोन ट्यूब ठेवल्या. तज्ज्ञांच्या ड्रायव्हरने साहेबांच्या वतीने सहानुभूती नेली. औषधवाला दुकानाच्या खांबाला पाठ लावून म्हणाला, "काय हो, एका पोरीवर अख्खी वस्ती जीव टाकते! माल पुरत नाही." ज्यांना अजिबात खाजत नाही अशा दर दहा जणांतल्या नऊ जणांनी मलम नेलं, असा माझा अंदाज आहे. उरलेला दहावा भिडस्त असावा.

भिंगरीचं पुरळ सुकलं. बाईंनी दाराजवळची खुर्ची हलवली. मी तिला आणायला गेलो होतो, तेव्हा ती गोलात होती आणि इतकी जोरात फिरत होती की दोन्ही बाजूंची मुलं तिला लोंबकळत होती. मला पाहून ती धावत आली आणि माझा हात घट्ट धरून घरापर्यंत उड्या मारत चालली.

मी मलम लावलं नव्हतं. गैरसमज नको, माझी माया कोणापेक्षा कमी नाही. पण विचारवंताने तत्त्व सोडून चालत नाही. ज्याला काही झालेलंच नाही, त्याने औषध घेणं म्हणजे ढोंग. माझी ट्यूब मी न उघडता ठेवून दिली.

कालपासून भिंगरी पुन्हा कपाटामागे जाऊ लागली आहे. आज सकाळी समिती बसली. कोणालाही काही समजेना. सगळ्यांनी तर लावलं होतं. बऱ्याच विचारान्ती मीच सुचवलं की साबण बदलून पाहावा, आणि ते एकमताने मान्य झालं. शाळेत खुर्ची पुन्हा दाराजवळ आली आहे.

तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या. पण मघापासून तुमचा एक हात दुसऱ्या मनगटाकडे गेलेला आहे, तो जरा मागे घ्या, कोणी पाहील. हवा कोरडी असेल. आणि जिन्यात तुम्हाला एखादी लहान मुलगी भेटली, खेळायला चला म्हणून तिने हात पुढे केला, तर खुशाल धरा. तुम्हाला काही झालेलंच नाही.