असं म्हणायला जागा आहे

सबनीस सरांना कुणी ‘जेवलात का?’ असं विचारलं, तर ते क्षणभर थांबत, पोटाकडे नजर टाकत आणि म्हणत, “असं म्हणायला जागा आहे.”

ते कधीही सरळ ‘हो’ म्हणत नसत. सूर्य मावळला का, एस.टी. गेली का, चहात साखर पडली का, सगळ्याला हेच उत्तर. आमचा शिपाई बळीराम सुरुवातीला घाबरायचा. “सर, चाय गोड झाला का?” असं विचारलं आणि “असं म्हणायला जागा आहे” ऐकलं, की तो बिचारा आणखी एक चमचा साखर घालायचा. पुढे त्याला सवय झाली, पण तोवर सरांना दुप्पट गोड चहाची सवय झाली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मी बी.एस्सी. होऊन अमडापूरला घरी बसलो होतो. विद्यापीठाने मेहकरात एक लहानशी प्रयोगशाळा उघडली आहे आणि तिथे सहायक हवा आहे, असं कळलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की आमच्या भागातली तळी हिरवीगार होतात. पाण्यावर शेवाळाची साय धरते. आम्ही तिला पुढे प्रयोगशाळेत ‘ब्लूम’ म्हणायला शिकलो; गावात ‘हिरवं आलं’ म्हणत. हे हिरवं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण कधीकधी त्यात विष धरतं आणि ते पाणी प्यालेलं जनावर संध्याकाळपर्यंत आडवं होतं. कुठलं हिरवं विषारी आणि कुठलं नाही, हे शोधायचं काम सरांकडे होतं.

मुलाखत सरांनीच घेतली. प्रयोगशाळा म्हणजे भाड्याचं घर, पुढच्या खोलीत सूक्ष्मदर्शक, आणि अंगणातल्या बाजेवर काचेच्या बाटल्या वाळत घातलेल्या.

“जन्म कुठला?” त्यांनी विचारलं.

“अमडापूरचा.”

“तुम्हाला आठवतो?”

“जन्म? नाही, सर.”

“म्हणजे ऐकीव आहे,” असं म्हणून त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, गेली नोकरी. पण आठवत नाही हे मी खरं सांगितलं, एवढ्याच गुणावर त्यांनी मला घेतलं, असं बळीरामने मागाहून सांगितलं. मी स्वभावाने हिशेबी, त्यामुळे आमचं जमलं. मला बेरीज चुकलेली खपत नसे आणि त्यांना सिद्ध न झालेलं वाक्य.

पुढे माझं लग्न ठरत होतं, तेव्हा भावी सासरे पिंपळगाव राजाहून मुद्दाम मेहकरला आले. मुलाच्या साहेबांकडून मुलाची चौकशी करावी, हा हेतू. सर म्हणाले, “माझ्याकडे त्यांची सहा महिन्यांचीच निरीक्षणं आहेत. अद्याप प्रतिकूल काही आढळलेलं नाही.”

सासरे बाहेर येऊन बळीरामला म्हणाले, “भाऊ, हे चांगलं म्हनलं का वाईट म्हनलं?”

बळीराम म्हणाला, “बाप्पा, हे लई चांगलं म्हनलं. स्वतःबद्दल तं ते इतकंबी नाई म्हनत.”

लग्न झालं. आजही घरात भाजी खारट झाली आणि मी गप्प राहिलो, तर बायको विचारते, “काय, आज काही प्रतिकूल आढळलं का?”

पाणी विषारी आहे की नाही हे ठरवायची आमची रीत साधी होती. शेवाळाचा अर्क काढायचा, पांढऱ्या उंदराला टोचायचा आणि वाट पाहायची. उंदीर मेला तर पाणी विषारी. उंदीर विद्यापीठाकडून एस.टी.च्या टपावरून पिंजऱ्यात येत. सरांना उंदीर मारणं जिवावर यायचं. टोचून झालं की ते दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसत. बळीराम दारातून निकाल सांगायचा. उंदीर जगला तर “पास!” आणि मेला तर नुसताच खोकायचा.

एका वैशाखात डोणगावच्या पुढच्या एका खेड्यातून निरोप आला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तळं हिरवं झालं होतं आणि नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याची बैलजोडी आणि गाय एकाच दिवशी गेली होती. आम्ही बाटल्या घेऊन निघालो. पोचलो तोवर वारा फिरून साय पांगली होती, आणि पाणी शहाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. सरांनी काठाकाठाने, दगडांच्या कपारींतून, मिळेल तेवढं हिरवं गोळा केलं.

मग आम्ही नामदेवरावांच्या घरी गेलो. अंगणात एक मुलगी लोखंडी पेटीवर बसली होती. हातापायांची हळद अजून उतरली नव्हती. ही त्यांची नवी सून, कौतिका.

“ही मुलगी कुठे निघाली?” सरांनी मला हळूच विचारलं.

उत्तर सासूनेच दिलं. “माहेरी धाडून राह्यलो. हे घरात आली अन् आठ दिवसांत दावन रिकामी झाली. पांढऱ्या पायाची हाय. हिच्या बापाले सांगावा धाडला, नेईल आता.”

पांढऱ्या पायाची म्हणजे अपशकुनी, हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी मन लावून तिच्या पायांकडे पाहिलं. मुलीने पाय आत ओढून घेतले. मी सरांना बाजूला नेऊन अर्थ सांगितला. एकदा अशी परत गेलेली पोर पुन्हा नांदायला येत नाही, हेही सांगितलं.

सर परत अंगणात आले. “बाई, आम्ही पाणी तपासतो आहोत. परवा निकाल सांगतो. तोवर हिला ठेवा.”

“परवालोक ठेवतो,” सासू म्हणाली. “पन पेटी नाई उघडू देनार.”

मेहकरला आल्यावर उंदराला अर्क टोचला. सर भिंतीकडे तोंड करून बसले, पण या वेळी दर थोड्या वेळाने विचारत होते, “बळीराम?” कुठलाही जीव मरावा असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. उंदराने अंग झाडलं, मिशा साफ केल्या आणि हरभरे खायला लागला.

“सर,” बळीराम दारात उभा राहून पडलेल्या आवाजात म्हणाला, “पास झाला.”

सरांनी दुसरा उंदीर घेतला. तोही पास.

ठरल्या दिवशी आम्ही खेड्यात गेलो. अंगणात लोक जमले होते. मुलीचा बाप बैलगाडी जुंपून आला होता आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता चाकाला वंगण घालत होता. मला सर काय म्हणणार ते पाठ होतं. ‘सिद्ध झालेलं नाही’ म्हणणार, आणि मग पेटी गाडीत चढणार.

“सांगा मास्तर,” सासू म्हणाली, “काय निंगालं?”

“जनावरं पाण्याने मेली,” सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

“नक्की?” नामदेवरावांनी विचारलं.

“नक्की. शंभर टक्के. तळं हिरवं झालं की जनावर तिथे नेऊ नका.”

सासूचं समाधान झालं नव्हतं. “अन् हिच्या पायाचं काय?”

“पाय मी स्वतः पाहिले,” सर म्हणाले. “त्यात काही नाही.”

कुणीतरी हसलं. सासू घटकाभर सरांकडे, मग सुनेकडे बघत राहिली आणि एकदम खेकसली, “मंग बसून काऊन राह्यली वं? उचल ते पेटी, आत ने. अन् मास्तरायले चाय मांड!”

अहवालात सरांनी खरं तेच लिहिलं, विष आढळलं नाही म्हणून. विद्यापीठासाठी तो विषय तिथे संपला. सरांसाठी संपला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा त्या खेड्यात गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. तळं हिरवं झालं की बाटल्या भरून आणायचे, आणि दर वेळी उंदीर पास व्हायचा. कौतिका त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढायची. ठेच्याने सरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि सासू ओरडायची, “मास्तरायले दही दे वं, मरतीन ना ते!” मेहकरात सर एकटेच राहत. त्यांना कधी घरचं पत्र आलेलं मी पाहिलं नाही.

मग प्रयोगशाळा बंद व्हायचा हुकूम आला. ती बंद होण्याआधी आम्ही शेवटचे त्या खेड्यात जाऊन आलो. परतीच्या एस.टी.त मी धीर केला.

“सर, ती जनावरं खरोखर कशाने मेली?”

“माहीत नाही.”

“मग त्या दिवशी तुम्ही...”

“तिच्यामुळे मेली नव्हती,” ते म्हणाले, “एवढं माहीत होतं.” आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मेहकरच्या स्टँडवर उतरल्यावर ते घुटमळले. “तुम्हाला लुगड्यांतलं काही कळतं का?”

कौतिकाला दिवस गेले होते. तिचे वडील आदल्या वर्षी वारले होते, आई आधीच नव्हती. हे सगळं सरांना सासूने सांगितलं होतं. मी तेव्हा तळ्यावर बाटल्या भरत होतो. मी त्यांना कापडाच्या दुकानात नेलं.

“रंग कोणता दाखवू?” दुकानदाराने विचारलं.

“हिरवा सोडून कोणताही,” सर म्हणाले.

“सर,” मी म्हटलं, “अशा वेळी हिरवंच नेतात.”

सर विचारात पडले. मग त्यांनी हिरव्या लुगड्यांचा ढीग पुढ्यात घेतला. एकेक लुगडं उचलून दारापाशी न्यायचे, उजेडात धरायचे, मान हलवून परत ठेवायचे. हा जरा निळसर आहे, हा फार दाट आहे, याच्यावर साय धरल्यासारखी वाटते. दुकानदाराचा अर्धा माल उलगडून झाला.

शेवटी तो म्हणाला, “मास्तर, लुगडं नेसायचं हाय, प्यायचं नाई!”

सरांना मनापासून हसू आलं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कोवळ्या तुरीच्या शेंगेसारखं एक लुगडं निवडलं, आणि दुकानदाराला घडी घालू न देता स्वतःच घडी घालायला बसले. ती काही नीट जमेना.

“कोनासाठी न्याचं?” दुकानदाराने विचारलं.

“मुलीचं पहिलं बाळंतपण आहे,” सर म्हणाले. मग लुगड्याचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाले, “आम्ही दोघं तिच्या माहेरचे.”